काठीची होळी आणि रंगमंचावरील प्रकाश

मराठी संगीत नाटकाची समीक्षा पद, चाल व गायकी यांभोवती फिरत आली आहे. प्रकाशाचा विचार नेपथ्याच्या प्रकरणात दोन-चार वाक्यांत उरकला जातो. या उपेक्षेस ऐतिहासिक कारण आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला, लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात विजेचे दिवे लागले ते त्याच्या पुढल्या वर्षी. ज्योतीच्या उजेडाला क्षणोक्षणी वळविणे शक्य नव्हते. नट पुढे येऊन पद म्हणू लागला की प्रेक्षकाची नजर आपोआप त्याच्यावर स्थिरावे. आज प्रकाशझोत जे कार्य करतो ते तेव्हा पदच करीत असे.

वीज आली, झोत आला. परंतु पदाने आपले जुने कार्य सोडले नाही. परिणामी एकच गोष्ट दोनदा सांगितली जाऊ लागली. पद सुरू होताच रंगमंच अंधारावयाचा, गायकावर वर्तुळ पाडावयाचे, विरह असल्यास निळा कागद व वीररस असल्यास तांबडा, हा संकेत जुन्या नाटकांच्या पुनःप्रयोगांत आजही आढळतो. स्वराने जे आधीच सांगितले तेच प्रकाश पुन्हा सांगतो. बोलण्यात सूर शब्दाची पुनरुक्ती करीत नाही. ‘आलात’ या एका शब्दाचा प्रश्न होतो, स्वागत होते किंवा उपहासही होतो, तो केवळ सुरामुळे. प्रकाशाकडून अपेक्षा आहे ती अशा कार्याची.

स्वित्झर्लंडच्या आडॉल्फ आपियाने १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या जर्मन ग्रंथात संगीत आणि रंगयोजना यांचा संबंध तपासला. सर्वत्र पसरणारा उजेड निराळा आणि आकार घडविणारा प्रकाश निराळा, हा भेद त्याने वाग्नेरच्या संगीतनाट्याच्या संदर्भात मांडला. संगीत काळात उलगडते, तसाच प्रकाशही काळात उलगडला पाहिजे, हे त्यातील मर्म. या तत्त्वाचे उदाहरण शोधण्यास युरोपात जावयास हवेच असे नाही. नंदुरबार जिल्ह्यात ते दरवर्षी फाल्गुनात पाहावयास मिळते.

अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथे सातपुड्याच्या कुशीत आदिवासींची होळी रात्रभर चालते. उंच बांबू उभा केला जातो, ढोल वाजत राहतात, आणि कमरेला घुंगरे व वाळलेले भोपळे बांधलेले, डोक्यावर मोरपिसांचे टोप चढविलेले, अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी रेखलेले नर्तक नाचत राहतात. होळी पेटते ती मात्र पहाटे. ज्वाळा हा प्रारंभ नसून परिणती आहे, याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. फाल्गुनी पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्री माथ्याजवळ असतो. त्याचा उजेड वरून, सर्वांवर सारखा पडतो, आणि अशा उजेडात डोळ्याआधी कान काम करतो. घुंगरांचा ठेका कळतो, चेहरा कळत नाही. पहाट होऊ लागते तसा चंद्र पश्चिमेस कलतो, सावल्या लांबतात. आणि तो मावळण्याच्या सुमारास जमिनीवरून दुसरा प्रकाश उठतो. कोणा योजकाने आखावा असा हा क्रम पंचांगानेच आखून दिला आहे. विजेचे दिवे आता तेथेही पोहोचले आहेत. परंतु रात्रीची घडण अद्याप त्यांच्या हाती गेलेली नाही.

हेच नृत्य शहरातील महोत्सवाच्या मंचावर आले म्हणजे काय होते? दहा मिनिटांची मुदत, समोरून येणारा सपाट प्रकाश, आणि सतत पालटणारे रंग. अंगावरचे पांढरे ठिपके पांढरे राहत नाहीत. पांढऱ्या पृष्ठभागास स्वतःचा आग्रह नसतो, जो रंग पडेल तो तो स्वीकारतो. तांबड्या प्रकाशात ठिपके तांबडे होतात आणि त्वचेशी असलेला त्यांचा विरोध, म्हणजे त्या रेखाटनाचे प्रयोजनच, क्षीण होतो. समोरच्या झोताचे नुकसान याहून मोठे आहे. नर्तक आत तोंड करून फेर धरतात, आणि मंचावर अर्धा फेर प्रेक्षकाला पाठमोरा असतो. समोरचा प्रकाश त्या पाठींना दोष ठरवितो. मग संयोजक नर्तकांना एका रांगेत उभे करतो आणि फेर संपतो. येथे प्रकाशयोजनेने नृत्याची रचना बदललेली असते, आणि प्रेक्षक मात्र तीच मूळ रचना समजून परततो.

समूहाला प्रकाश कसा द्यावा याचा धडा मराठी रंगभूमीने एकदा घेतला होता. १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये जब्बार पटेल यांनी गाणाऱ्या, डुलणाऱ्या माणसांच्या रांगेचाच पडदा केला. भास्कर चंदावरकरांचे संगीत त्या रांगेतून उमटते. एका गायकावर वर्तुळ पाडण्याची सवय तेथे निरुपयोगी ठरते. तेथे पाठ हा दोष नाही, ती भिंत आहे.

काठीचे नृत्य मंचावर आणावयाचेच असेल, तर वरून येणारा फिका, रंगहीन प्रकाश पुरेसा आहे. बाजूने थोडा दिल्यास मोरपिसांची कड उठून दिसेल. समोरचे दिवे विझवावेत. आणि पंख्यावर फडफडणाऱ्या नारिंगी कापडाची जी ज्वाळा पडदा उघडताच लावण्यात येते, ती दहा मिनिटांपैकी नऊ मिनिटे लावू नये.