‘लीलावतीज डॉटर्स’ : स्त्री-वैज्ञानिकांच्या कथनांचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना :
विज्ञान हे जात, धर्म व लिंग यांच्या पलीकडचे असते, असे मानण्याचा प्रघात आहे. मात्र विज्ञान ज्या संस्थांमधून घडते, त्या संस्था समाजाबाहेर नसतात. या दृष्टीने रोहिणी गोडबोले व राम रामस्वामी यांनी संपादित केलेला आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीने २००८ मध्ये प्रकाशित केलेला ‘लीलावतीज डॉटर्स’ हा इंग्रजी ग्रंथ महत्त्वाचा ठरतो. सुमारे शंभर भारतीय स्त्री-वैज्ञानिकांची आत्मपर व चरित्रपर कथने त्यात एकत्र आली आहेत. प्रस्तुत लेखात या ग्रंथाचे सामर्थ्य व मर्यादा यांची चिकित्सा केली आहे.

शीर्षकाचा अन्वयार्थ :
भास्कराचार्यांचा ‘लीलावती’ हा ग्रंथ ११५० चा. लीलावती ही त्यांची कन्या व तिचा विवाहमुहूर्त चुकला, ही कथा फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी अनुवादातून प्रसिद्धीस आली. या कथेतील लीलावती गणिते ऐकते, सोडवते. मांडत मात्र नाही. चाळीसगावजवळील पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापन केला. तेथील शिलालेखात या घराण्याची वंशावळ आहे, ती पुरुषांची. म्हणजे ज्ञानाचा वारसा कोरला गेला तो मुलगा व नातू यांच्या नावे. मुलीच्या वाट्याला आख्यायिका आली. ‘लीलावतीच्या लेकी’ स्वतःविषयी स्वतः लिहितात, यात या ग्रंथाचे पहिले यश आहे.

कथनांचे स्वरूप :
ग्रंथात स्थान मिळालेल्या कमला सोहोनी यांचे उदाहरण बोलके आहे. मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने संपादन करूनही १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्यांनी आग्रह धरल्यावर प्रवेश मिळाला, तोही अटींसह. पहिले वर्ष त्यांची गणना नियमित विद्यार्थ्यांत होणार नव्हती. पुढे १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. ही कथा वाचताना वाचकाचे लक्ष त्यांच्या जिद्दीकडे जाते आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु प्रवेश देणे वा न देणे एका व्यक्तीच्या मर्जीवर कसे अवलंबून राहिले, हा संस्थात्मक प्रश्न त्यामुळे मागे पडतो. यश मिळाले की अन्याय हा केवळ एक अडथळा ठरतो आणि अडथळा निर्माण करणारी व्यवस्था तपासाविना सुटते.

मर्यादा :
येथेच ग्रंथाची प्रमुख मर्यादा दिसते. यात बोलतात त्या बव्हंशी टिकून राहिलेल्या स्त्रिया. विवाह, अपत्यसंगोपन, बदली किंवा मार्गदर्शकाची अनास्था यांमुळे ज्यांचे संशोधन मध्येच थांबले, त्यांचे कथन अशा संकलनात येणे कठीण असते. वास्तविक व्यवस्थेचे दोष त्यांच्याच अनुभवातून अधिक स्पष्ट झाले असते.

दुसरी मर्यादा समतेच्या व्याप्तीची आहे. सोहोनी यांचे वडील व काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. दार बंद झाले तरी ते ठोठावण्याचे बळ त्यांना घरातून मिळाले होते. हे बळ ज्या घरांत नव्हते, तेथील मुली दारापर्यंत पोहोचल्या का? लिंगभाव हा एकच निकष धरला तर या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. आभा सूर यांच्या ‘डिस्पर्स्ड रेडियन्स’ (२०११) या ग्रंथात जात व लिंगभाव यांचा एकत्रित विचार आहे, म्हणून तो येथे पूरक ठरतो. मेघनाद साहा यांच्यासारख्या थोर भौतिकशास्त्रज्ञालाही विद्यार्थिदशेत वसतिगृहात जातीमुळे अवहेलना सोसावी लागली होती. रामन यांच्या प्रयोगशाळेत मोलाचे संशोधन करूनही अ‍ॅना मणी यांना पीएच.डी. मिळाली नाही, एम.एस्सी. नसल्याचे कारण मद्रास विद्यापीठाने दिले. पुढे पुण्याच्या हवामान खात्यात त्यांनी उपकरणनिर्मितीचे पायाभूत कार्य केले. नियम लिखित असो वा अलिखित, त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हे या उदाहरणांवरून स्पष्ट होते.

समारोप :
‘लीलावतीज डॉटर्स’ने मौन मोडले, हे त्याचे ऋण मान्य करावेच लागेल. मात्र आदर्श व्यक्तींची यादी वाढल्याने संस्था आपोआप समावेशक होत नाहीत. महाविद्यालयांच्या विज्ञान विभागांनी प्रवेश घेणाऱ्यांबरोबरच मध्येच गळणाऱ्यांचीही नोंद ठेवावी. त्या कोणत्या टप्प्यावर, कोणत्या कारणाने व कोणत्या सामाजिक स्तरातून गळाल्या, हे तपासावे. ग्रंथाने सुरू केलेले कार्य पुढे न्यायचे तर असामान्य स्त्रियांचा गौरव पुरेसा नाही; सामान्य गुणवत्तेच्या विद्यार्थिनीलाही संशोधनात टिकता यावे, अशी व्यवस्था उभी करणे ही समतेची खरी कसोटी होय.