नसत्या उद्योगांची कला

हौशी पॉडकास्टचा विचार आपल्या समीक्षेच्या दप्तरात अद्याप रीतसर दाखल झालेला नाही, आणि ज्या थोड्या लोकांनी तो केला त्यांनी तो बहुधा व्यापाराच्या अंगाने, म्हणजे श्रोते किती, जाहिराती किती आणि पदरात पडते किती, ह्याच हिशेबाने केला. वस्तुतः वीस वर्षे ओलांडलेल्या ह्या श्राव्य प्रकाराला आता स्वतःचे संकेत आहेत, स्वतःच्या रूढी आहेत, आणि उपहासास पात्र ठरावे इतके स्वतःचे ढोंगही आहे. तेव्हा त्याला समीक्षेतून सूट देण्याचे काही कारण उरलेले नाही. गुन्हेकथा, वार्तापत्रे, मान्यवरांच्या मुलाखती हा सगळा प्रांत मी येथे बाजूला ठेवतो आणि घरच्या खोलीत बसून, पदरमोड करून, चित्रपटांविषयी, खेळांविषयी आणि आपल्या लहरींविषयी बोलणाऱ्या हौशी माणसाच्या विनोदापुरतेच बोलतो. माझे म्हणणे असे की हा विनोद गप्पांतून फारसा निपजत नाही; तो निपजतो स्वखुशीने अंगावर घेतलेल्या आणि तडीस नेण्याची प्रतिज्ञा केलेल्या एखाद्या नसत्या उद्योगातून.

ह्या प्रकाराचा जन्मच मुळी परवान्यावाचून झाला. मुंबईच्या रेडिओ क्लबातील हौशी मंडळींनी जून १९२३ मध्ये प्रक्षेपण केले खरे, परंतु पुढे चार वर्षांतच, जुलै १९२७ मध्ये, मुंबई केंद्राचे रीतसर उद्घाटन होऊन कंपनी आली, आणि तिच्यामागून सरकार आले, आणि हौशी माणूस श्रोत्यांच्या रांगेत जाऊन बसला. पॉडकास्टच्या बाबतीत क्रम निराळा घडला. डेव्ह वाइनर ह्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने २००० सालच्या अखेरीस आर.एस.एस. नावाच्या वार्तापुरवठ्याच्या पद्धतीत ध्वनिफीत जोडून पाठविण्याची तजवीज केली. २००३ मध्ये क्रिस्टोफर लायडन ह्यांच्या मुलाखती त्या वाटेने श्रोत्यांकडे गेल्या. आणि ऑगस्ट २००४ मध्ये अ‍ॅडम करी ह्या एकेकाळच्या दूरचित्रवाणी-निवेदकाने आपला दैनिक कार्यक्रम सुरू करताच ज्याच्या घरी संगणक आणि ध्वनिग्राहक आहे त्या कोणालाही केंद्र, कंपनी वा मंत्रालय ह्यांच्या दारी न जाता बोलता येते, हे सिद्ध झाले. पुढच्याच महिन्यात विस्कॉन्सिनमधील एका शेतघरातून डॉन आणि ड्रू हे दांपत्य आपल्या संसारातील अवांतर, आणि पुष्कळदा अश्लीलतेकडे झुकणाऱ्या, गोष्टी जगाला ऐकवू लागले. त्यांचा विनोद मला रुचत नाही. परंतु नवरा-बायकोचे बोलणे चोरून ऐकल्याचा जो आभास त्यांनी निर्माण केला, तो ह्या कलेच्या घडणीत कायमचा राहून गेला. जून २००५ मध्ये अ‍ॅपलने आपल्या आयट्यून्समध्ये पॉडकास्टला जागा दिली आणि पहिल्या दोन दिवसांतच वर्गणीदारांच्या नोंदी दहा लाखांवर गेल्या. म्हणजे कंपनी येथेही आलीच, पण हौशी मंडळी बसल्यानंतर आली.

साधनांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण ह्या विनोदाचा पोत साधनांनी ठरविलेला आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात आरंभिलेली आणि २००० साली लोकांहाती आलेली ऑडॅसिटी ही ध्वनिसंपादनाची प्रणाली फुकट मिळते. प्रतिध्वनी मरावा म्हणून हौशी माणूस कपड्यांच्या कपाटात डोके खुपसून बोलतो. आणि दोन मित्र दोन शहरांत असले तर प्रत्येकजण आपापला आवाज आपल्याकडे मुद्रित करून घेतो आणि मागाहून दोन्ही फिती जुळविता याव्यात म्हणून आरंभी दोघेही एकाच वेळी टाळी वाजवितात. समोरच्याचा चेहरा न दिसता केवळ श्वासाच्या अंदाजाने त्याचे वाक्य कोठे संपेल हे ओळखावयाचे, आणि त्याच्या अडखळण्यावर आपली कोटी उभी करावयाची, हे कसब वर्षानुवर्षांच्या मैत्रीतूनच येते. म्हणूनच ह्या कलेत भावंडे, दांपत्ये आणि शाळासोबती ह्यांची चलती आहे, तर केवळ नामवंत म्हणून एकत्र आणलेल्या दोन माणसांचे बोलणे, ध्वनी कितीही स्वच्छ असला तरी, निर्जीव वाटते.

परंतु मैत्री पुरेशी नाही. ह्या क्षेत्रातील सर्वांत मोठा ढीग आहे तो मित्रांच्या मोकळ्या गप्पांचाच, आणि त्याचा बहुतेक भाग असह्य आहे. नवा चित्रपट पाहिला, नवी मालिका सुरू झाली, अमक्या खेळाची नवी आवृत्ती आली, असे विषय घेऊन हे मित्र बसतात आणि एकाने एखाद्या जुन्या चित्रपटाचे नुसते नाव उच्चारले की दुसरा हसतो. येथे एक मूलभूत गफलत आहे. ओळखीची वस्तू पुन्हा भेटल्याने होणारा प्रत्यभिज्ञेचा आनंद हा एक आनंद आहे आणि हास्यरस हा दुसरा. पहिल्यासाठी स्मरण पुरते, दुसऱ्यासाठी विसंगती लागते. संदर्भांची माळ गुंफणारा पॉडकास्टकार श्रोत्याच्या स्मरणशक्तीवर आपले घर चालवितो, आणि ज्याचे बालपण त्याच वर्षांत, त्याच मालिका पाहण्यात गेले नाही, त्या श्रोत्याला तो दाराबाहेरच ठेवतो. असे बहुसंख्य कार्यक्रम थोड्याच भागांत निःशब्दपणे थांबतात. त्याचे कारण लोक आळसात शोधतात. मला ते रचनेत दिसते. ज्या कामाला शेवट ठरलेला नाही ते अर्ध्यावर सोडताना कोणाला वचनभंगही वाटत नाही.

आता ह्याच्या उलट दाखले पाहावेत. टिम बॅट आणि गाय माँटगोमेरी हे न्यूझीलंडचे दोघे, व्यवसायाने विनोदकार परंतु ह्या उद्योगात केवळ हौशी, ह्यांनी २०१४ मध्ये ‘ग्रोन अप्स २’ हा सर्वथैव सामान्य चित्रपट वर्षभर दर आठवड्याला पुन्हा पाहण्याची आणि प्रत्येक वेळी त्यावर बोलण्याची शपथ घेतली. आरंभीचे भाग नेहमीच्या कुचेष्टेचे आहेत. मग कुचेष्टा संपते, कारण चित्रपटात तेवढा ऐवजच नाही, आणि बोलणाऱ्यांना दुय्यम पात्रांच्या पडद्याआडच्या चरित्रांची चिंता लागते, पार्श्वभूमीतून जाणाऱ्या माणसाचा पक्ष घ्यावासा वाटतो, स्वतःच्या आयुष्याचा जमाखर्च मांडावासा वाटतो. आणि कंटाळ्याने पिळून निघालेल्या दोन मनांचा जो एक विलक्षण, करुणेच्या काठावरचा विनोद तेथे ऐकू येतो तो कोणत्याही कसलेल्या संहितालेखकाला टेबलाशी बसून लिहिता आला नसता. चित्रपट तोच राहतो, पाहणारे बदलत जातात, आणि खरे कथानक हेच.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टार वॉर्स मिनिट’ ह्या कार्यक्रमाची शिस्त आणखी कडक: १९७७ सालच्या त्या चित्रपटाचे एक मिनिट घ्यावयाचे आणि त्यावर एक भाग करावयाचा, सोमवार ते शुक्रवार, न चुकता. अ‍ॅलेक्स रॉबिन्सन आणि त्यांचे सहकारी ह्यांची ही युक्ती इतकी फळली की अन्य चित्रपटांची मिनिटे मोजणाऱ्यांचे एक उपकुलच निर्माण झाले. त्यांत अनुकरण फार आहे हे खरे. तथापि एखाद्या मिनिटात एक यान एका दालनात शिरण्यापलीकडे काहीच घडत नसताना त्यावर बोलणे भाग पडते, तेव्हा भाष्यकाराची खरी परीक्षा होते, आणि ओळीओळीवर टीका लिहिणाऱ्या आपल्या जुन्या टीकाकारांना ही अडचण सहज समजली असती.

ह्या सगळ्या उद्योगांत मला सर्वांत प्रिय आहे तो २०१५ पासून चाललेला, दरवर्षी अमेरिकेतील थँक्सगिव्हिंगच्या सणाला एकदाच प्रकट होणारा कार्यक्रम. त्यात उपरोक्त न्यूझीलंडकर दोघे आणि वेस्ट व्हर्जिनियातील हंटिंग्टनचे तिघे मॅकेलरॉय बंधू ‘पॉल ब्लार्ट: मॉल कॉप २’ ह्या एकाच चित्रपटाचे दरसाल नव्याने परीक्षण करतात, आणि हा क्रम काळाच्या अंतापर्यंत चालावा म्हणून प्रत्येकाने आपल्या पश्चात आपल्या जागी कोणी बसावे ह्याची वारसनोंद करून ठेवली आहे. एका क्षुद्र चित्रपटापायी मृत्युपत्राची भाषा बोलणे हा विनोद वरवर पोरकट दिसतो. पण वर्षे जसजशी उलटतात, बोलणारे बाप होतात, प्रौढ होतात, तसतशी त्या थट्टेत खऱ्या मरणाची सावली उतरते. मुद्दाम आणू म्हटले असते तर ती आली नसती.

मॅकेलरॉय बंधूंविषयी दोन शब्द अधिक लिहिणे आवश्यक आहे. हंटिंग्टनच्या नभोवाणीवरील एका निवेदकाची ही मुले. २०१० मध्ये त्यांनी सल्ला देण्याचा एक कार्यक्रम काढला आणि आपण कोणत्याही विषयाचे तज्ज्ञ नाही, सबब आमचा सल्ला कोणी पाळू नये, असा जाहीरनामाच त्याच्या माथी लावला. याहू अ‍ॅन्सर्सवर लोकांनी विचारलेले चमत्कारिक प्रश्न हे त्यांचे कच्चे द्रव्य होते, आणि मे २०२१ मध्ये ते संकेतस्थळ बंद झाले तेव्हा हौशी कला परक्याच्या जमिनीवर कशी उभी असते ह्याचा प्रत्यय आला. त्यांनी अन्यत्र सोय लावली. तरीही त्या प्रश्नांतील निर्व्याज अज्ञानाची जागा पुढे भरून निघाली असे मला वाटत नाही. वडिलांना सोबत घेऊन २०१४ पासून ते ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कथाखेळ खेळू लागले, त्याचे चित्ररूप पुस्तक २०१८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत अग्रस्थानी गेले, आणि एका सचेतपटात आपल्याला भूमिका मिळावी म्हणून त्यांनी चक्क एक स्वतंत्र पॉडकास्ट चालवून ती मिळविलीही. येथे हौसेचा धंदा झाला, ही फिर्याद मी करणार नाही. परंतु मागितलेली वस्तू मिळते असे कळल्यावर मागण्यातील गंमत उणावते, आणि त्यांच्या अलीकडच्या पुष्कळशा बोलण्यात ती तृप्ती ऐकू येते.

मराठी वाचकाला हा विनोदप्रकार परका वाटण्याचे कारण नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या हे त्रिकूट असेच एकामागून एक नसते उद्योग आरंभिते आणि ते अत्यंत गंभीरपणे तडीस नेते; चिं. वि. जोशी ह्यांच्या चिमणराव-गुंड्याभाऊंचीही तीच तऱ्हा. भेद आहे तो प्रयोजनाचा. ‘सुदाम्याचे पोहे’ १९१० मध्ये ग्रंथरूपाने आले तेव्हा त्या हास्याच्या मागे समाजसुधारणेचा स्पष्ट रोख होता. ह्या पॉडकास्टकारांना कोणालाही सुधारावयाचे नाही. ह्यामुळे त्यांचा विनोद हलका राहतो, ही त्याची मर्यादाही आहे आणि मोकळीकही.

आणि तरीही मराठी पॉडकास्टची सद्यःस्थिती पाहता हौशी विनोदाची ही शाखा आपल्याकडे जवळजवळ रिकामी आहे. ‘मित्रम्हणे’, ‘अमुक तमुक’ अशा कार्यक्रमांनी मराठी संभाषणाला मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला. मात्र त्यांचे रूप मुलाखतीचे आणि चर्चेचे आहे, आणि त्यांच्या अनुकरणाने येणारा हौशी माणूसही प्रथम खुर्ची, दिवे आणि चलच्चित्रणाचे यंत्र ह्यांची जुळवाजुळव करतो, पाहुणा मिळवितो, आणि मग त्याला त्याच्या संघर्षाविषयी विचारतो. चेहरा दिसू लागला की माणूस नीट बसतो. नीट बसलेला माणूस मूर्खपणा करीत नाही. गावोगावच्या हौशी नाट्यसंस्थांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्या निर्लेप उत्साहाने तालमी केल्या तो उत्साह ह्या माध्यमाकडे वळलेला नाही, ह्याचे मला नवल वाटते.

कोणी तरुण म्हणतील की मग ‘अशी ही बनवाबनवी’ घेऊ आणि वर्षभर पाहू. १९८८ सालचा हा चित्रपट आज दोन-तीन पिढ्यांच्या जिभेवर आहे, आणि नेमका तेथेच धोका आहे: त्याचे संवाद म्हणून दाखविण्यातच भाग संपतील आणि पुन्हा प्रत्यभिज्ञाच उरेल. त्यापेक्षा पुढल्या काही वर्षांत लक्ष्मीकांत बेर्डे ह्यांच्या लोकप्रियतेवर विसंबून घाईघाईने निघालेल्या आणि तितक्याच घाईने विसरल्या गेलेल्या विनोदी चित्रपटांपैकी एखादा शोधावा; दर आठवड्याला त्याच्याशी झुंजताना निदान बोलण्याजोगे वैर तरी जमेल. ‘बनवाबनवी’वर रागावणे कोणाही मराठी माणसाला बारा आठवडे जमेल असे मला वाटत नाही.