नायक पडद्यावर येतो तेव्हा

खेड तालुक्यात जगबुडीच्या काठाला तुंबाड आहे. मराठी वाचकाच्या मनात हे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या १९८७ च्या ‘तुंबाडचे खोत’ या दोन खंडांच्या कादंबरीने कोरले. २०१८ नंतर मात्र देशभरातल्या प्रेक्षकांसाठी तुंबाड म्हणजे न थांबणारा पाऊस, पडका वाडा आणि हस्तर नावाचा शापित देव. राही अनिल बर्वे यांच्या चित्रपटाने गावाचे नाव घेतले, पेंडशांचे खोत घेतले नाहीत. चित्रपटाचे बीज वेगळ्याच मराठी लेखकाकडून आले होते. ते लेखक म्हणजे नारायण धारप.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाचकाला यात दुहेरी आनंद वाटला. नाव आपल्या मातीतले आणि भीती आपल्या वाचनालयातली. शे-दीडशे पानांची, स्वस्त कागदावर छापलेली, हातोहात फिरून जीर्ण झालेली धारपांची पुस्तके एका पिढीने कंदिलाच्या उजेडात वाचली होती. त्या भीतीला व्हेनिस महोत्सवात समीक्षक सप्ताहाच्या उद्घाटनाचा मान मिळाला. २०२४ मध्ये चित्रपट पुन्हा लागला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. मराठी लोकप्रिय साहित्यात पडदा पेलण्याची ताकद आहे, याचा याहून मोठा पुरावा शोधायला नको.

पण या यशात एक माणूस कुठेच नाही. तो म्हणजे धारपांचा नायक समर्थ.

धारपांचा वाचक केवळ घाबरायला पुस्तक उघडत नसे. घरात काहीतरी अभद्र शिरले आहे, डॉक्टर झाले, देवऋषी झाले, सगळे हात टेकून बसले आहेत, अशा वेळी कुणीतरी समर्थांचे नाव काढतो आणि वाचक सावरून बसतो. समर्थ आणि त्यांचे सोबती अप्पा जोशी यांच्या कथांचा खरा कणा हा दिलासा आहे. समर्थ आरडाओरडा करत नाहीत, चमत्काराचे प्रदर्शन मांडत नाहीत. समोरच्याचे सगळे ऐकून घेतात आणि मग शांतपणे कामाला लागतात. ‘तुंबाड’चा विनायकराव याच्या अगदी उलट टोकाचा आहे. तो वाईटाशी लढत नाही, त्याच्याकडून सोन्याच्या मोहरा काढून आणतो. १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत त्याच्या हावेची गोष्ट पुढे सरकते आणि चित्रपट म्हणून ती अस्सल आहे. शृंखलेत जखडलेल्या म्हातारीला जेवू घालण्याचा सुरुवातीचा प्रसंग धारपांच्या वाचकाने लगेच ओळखावा. घरातला अंधार, एकटे पोर, झोपलेली म्हातारी आणि ती जागी होण्याची धास्ती. तेवढ्या प्रसंगात धारप पूर्ण आहेत. पुढे चित्रपट बर्वे यांचा होतो आणि तो त्यांचा हक्कच आहे.

म्हणजे धारपांचे वातावरण पडद्यावर आले, नायक आला नाही. मराठी पडद्याची एकूण गत हीच आहे. नायकाची नावे आणि त्यांच्या भोवतालची हवा आपण उचलतो. नायकाचा स्वभाव उचलायला कचरतो.

नायक नावानिशी आला तो ‘फास्टर फेणे’मध्ये. भा. रा. भागवत यांचा बनेश फेणे फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, अंगाने किडकिडीत, सायकलवर वाऱ्यासारखा आणि तोंडात सतत ‘ट्टॉक्’. १९८७ मध्ये दूरदर्शनवर सुमीत राघवन यांनी तो साकारला तेव्हा ते स्वतः कोवळ्या वयाचे होते. त्यामुळे पुस्तक आणि पडदा यांच्यातले अंतर प्रेक्षकाला फारसे जाणवले नाही. तीस वर्षांनी, २०१७ मध्ये, आदित्य सरपोतदार यांच्या चित्रपटात अमेय वाघ फेणे झाले. हा फेणे वैद्यकीय प्रवेश परीक्षेला पुण्यात येतो. परीक्षेच्या वेळी भेटलेला मुलगा लगेच मरतो, पोलीस आत्महत्या म्हणून मोकळे होतात आणि फेणेला ते पटत नाही.

या चित्रपटाला ‘पुस्तकाशी बेइमान’ म्हणून निकालात काढणे अन्यायाचे ठरेल. क्षितिज पटवर्धन यांच्या लेखनाने फेणेची सर्वांत महत्त्वाची खूण नेमकी पकडली आहे. ज्या माणसाशी आपला काही संबंध नाही, त्याच्यासाठी हा पोरगा जिवावर उदार होतो. भागवतांच्या पानापानांत हेच आहे. दिलीप प्रभावळकर यांना खुद्द भा. रा. भागवतांच्या भूमिकेत आणून लेखक आणि नायक यांना एका छताखाली ठेवण्याची कल्पनाही पुस्तकाच्या जातीची आहे, कारण मूळ कथांमध्येही भागवत अधूनमधून डोकावतात.

उणीव आहे ती वयाची. शाळकरी फेणेची सगळी गंमत मोठ्यांनी त्याच्यावर विश्वास न ठेवण्यात होती. मास्तर, हवालदार, शेजारचे काका, सगळे त्याला घरी जायला सांगतात आणि त्यामुळे त्याला एकट्याने जावे लागते. तो मारामारीत जिंकू शकत नाही, म्हणून त्याला पळावे लागते, लपावे लागते, डोके चालवावे लागते. नायक तरुण झाला की हे सगळे गळून पडते. मग खलनायकही त्याच्या तोडीचा लागतो आणि गिरीश कुलकर्णी यांचा अप्पा अंधारे इतका जबरदस्त उतरतो की काही प्रसंगांत चित्रपट त्याचाच होऊन जातो. जो मुलगा बारीक अंगाचा म्हणून थोर होता, तो इथे नेहमीच्या थरारपटाचा नायक बनतो.

आता नट बदलला की नायक बदलतो का? कोकणाकडे याचे उत्तर चित्रपटाच्या कितीतरी आधीपासून आहे. शिमग्यात रत्नागिरी आणि गुहागरच्या गावांत नमन-खेळे निघतात, त्यात संकासुर असतो. काळा पोशाख, डोक्यावर उंच निमुळती टोपी, झाकलेला चेहरा, कमरेला घुंगरू. आत कोण आहे हे गावाला माहीत असते. गेल्या वर्षी दुसरा होता हेही माहीत असते. त्याने अंगणात पाऊल टाकले, कंबर हलवून घुंगरू वाजवले आणि एखाद्या पोराच्या अंगावर धावून गेला की पोरे किंचाळतात. गाव त्याचा चेहरा तपासत नाही, चाल तपासते. चाल चुकली तर म्हातारी माणसे तिथल्या तिथे बोलून दाखवतात.

मराठी पडद्यालाही हा अनुभव नवा नाही. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ १९४० च्या ‘लग्न पहावं करून’मध्ये दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी केले. पुढे दूरदर्शनवर प्रभावळकर आणि बाळ कर्वे आले आणि एका पिढीसाठी तेच अखेरचे चिमणराव-गुंड्याभाऊ ठरले. चेहरे पूर्ण वेगळे, तरी कुणी तक्रार केली नाही, कारण चिमणरावांचा भिडस्त गोंधळ आणि गुंड्याभाऊंचा आडदांड भरवसा दोन्हीकडे जागेवर होता.

बंगालने ही गोष्ट आपल्यापेक्षा शिस्तीने केली. सत्यजित राय यांनी गुप्तहेर फेलुदा लिहिला, त्याची चित्रे काढली आणि १९७४ मध्ये ‘सोनार केल्ला’त सौमित्र चॅटर्जी यांना तो दिला. १९८८ मध्ये फेलुदाचा सोबती जटायू याचे काम करणारे संतोष दत्त गेले आणि राय यांनी पुन्हा फेलुदावर चित्रपट केला नाही. पुढे संदीप राय यांच्या चित्रपटांत सब्यसाची चक्रवर्ती आणि मग आबीर चॅटर्जी फेलुदा झाले. वाद झाले, पण फेलुदा आणि त्याच्या सोबत्यांमधली थट्टा कुणी मोडली नाही. खुद्द राय यांनी ‘सोनार केल्ला’ पडद्यावर आणताना कथेत मोठा बदल केला. कादंबरीत गुन्हेगार कोण हे शेवटपर्यंत झाकलेले आहे. चित्रपटात ते प्रेक्षकाला लवकरच कळते आणि फेलुदाला कधी कळणार याची ओढ लागते. रहस्य गेले, तरी फेलुदा जसाच्या तसा राहिला.

उलट बाजूचे ठळक उदाहरण अमेरिकेचे. रॉबर्ट ई. हॉवर्ड यांचा कॉनन १९३२ मध्ये ‘विअर्ड टेल्स’ या मासिकात पहिल्यांदा आला तो थेट राजा म्हणून. नंतरच्या कथांत तो कधी चोर, कधी चाचा, कधी भाडोत्री सैनिक. त्याचे बालपण लेखकाने कधी बैजवार सांगितले नाही. १९८२ च्या चित्रपटात अर्नोल्ड श्वार्झनेगर यांच्या कॉननला मात्र आईबापांची हत्या, गुलामगिरी आणि सूड अशी पुरी पार्श्वभूमी चिकटवली गेली. २०११ मध्ये जेसन मोमोआ आले, नट बदलला, तरी बापाच्या खुनाचा सूड कायम राहिला. शरीरयष्टी जुळवण्यात दोन्ही चित्रपटांनी कसूर केली नाही. हॉवर्ड यांचा कॉनन कुणाच्या सुडासाठी जगत नव्हता. त्याला पुढचा डोंगर ओलांडायचा होता, एवढेच त्याला पुरे होते.

समर्थ पडद्यावर आणण्याचे धाडस आजवर का झाले नाही, याचे एक कारण इथेच सापडते. असा नायक गोष्टीत येतो तेव्हा पुरा घडलेला असतो. तो बदलत नाही, त्याच्याभोवतीची माणसे बदलतात. पटकथेच्या रूढ शिकवणीला हे चालत नाही; तिला नायकाची जखम लागते, चूक लागते, उमज लागते. त्यामुळे समर्थांना हात लावायचा म्हटले की पहिला प्रश्न येतो, ते समर्थ झाले कसे? धारपांच्या वाचकाला हा प्रश्न कधी पडला नाही. २०१८ मध्ये ‘झी मराठी’वर धारपांच्या ‘ग्रहण’वर मालिका झाली, पल्लवी जोशी यांच्यासारख्या अभिनेत्रीने ती पेलली, पण तिथेही भर होता तो संकटात सापडलेल्या स्त्रीवर.

बाबूराव अर्णाळकरांच्या वाट्याला तर याहून मोठी उपेक्षा आली. हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाचे झुंजार आणि काळापहाड एकेकाळी घराघरांत होते. कायद्याच्या बाहेर राहून दुष्टांना धडा शिकवणारे हे वीर चित्रपटासाठीच जन्मल्यासारखे वाटतात. तरी त्यांच्या नावावर लोकांच्या लक्षात राहिलेला एक चित्रपट सांगता येत नाही. त्या कथांची मुंबई ट्रामची, गॅसबत्तीची, गोदीतल्या धुक्याची. ती उभी करायला पैसा लागतो, हे खरे. पण आजच्या मुंबईत आणून झुंजारच्या हातात मोबाइल दिला, तर नाव तेवढे उरेल.

प्रेक्षक नाही, ही सबब आता टिकत नाही. ‘फास्टर फेणे’च्याच सरपोतदारांनी २०२४ मध्ये कोकणातल्या मुंज्याच्या समजुतीवर हिंदीत ‘मुंज्या’ केला आणि तो शंभर कोटींच्या पलीकडे गेला. त्याआधी ‘झपाटलेला’तला तात्या विंचू १९९३ पासून लोकांच्या तोंडी आहे. अद्भुताची भूक आहे, पैसाही येतो. कमी आहे ती आपल्याच नायकांवरच्या विश्वासाची.

म्हणून निर्मात्यांकडे मागणी नेमकी करायला हवी. समर्थांवर सहा-सात भागांची मालिका, प्रत्येक भागात एक घर, एक संकट, आणि समर्थांचा पूर्वेतिहास सांगण्याचा मोह शेवटच्या भागापर्यंत टाळलेला. ती अप्पा जोशींच्या नजरेतून सांगितली तर बदलणारे माणूस म्हणून अप्पाच पुरतील. फेणेसाठी बारा-तेरा वर्षांचा मुलगा शोधावा आणि भागवतांचे एकच पुस्तक घ्यावे. ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ हाताशी आहे, गड आहे, पावसाळा आहे. काळ पुस्तकाचाच ठेवावा, म्हणजे मुलाच्या खिशात फोन नसेल आणि मदतीला कुणी येण्याआधी त्याला स्वतःच काहीतरी सुचवून घ्यावे लागेल.