प्रवासवर्णनातले गाळलेले पान

आपल्या प्रवासवर्णनांतला लेखक बहुधा मुक्कामावर पोचलेलाच भेटतो. पहिल्या परिच्छेदातच लाटा येतात, माडांच्या झावळ्या हलू लागतात. रजा किती दिवसांची होती, त्यांतले जाण्यायेण्यात किती गेले, कोणते गाव ठेवले आणि कोणते गाळले, हा हिशेब वाचकाला मिळत नाही. तो वाङ्मयाबाहेरचा मानण्याची आपली रीत आहे. मला ती मान्य नाही; आणि जालन्याहून कोकणात चार-पाच दिवसांची सहल आखू पाहणाऱ्याला तर ती मुळीच मान्य होऊ नये.

परदेशचा प्रवास असला की तयारीलाही मान मिळतो. ‘अपूर्वाई’त (१९६०) निघण्यापूर्वीच्या लगबगीला आणि सल्लागारांना पुरेशी जागा आहे. रत्नागिरीला जाणाऱ्याची तयारी मात्र आपण लिहिण्याच्या योग्यतेची समजत नाही. याबाबतीत जुने पुस्तक अधिक प्रामाणिक आहे. ‘माझा प्रवास’ लिहिणारे विष्णुभट गोडसे कोकणातल्याच वरसईचे. १८५७ साली ते उत्तरेकडे निघाले ते बायजाबाई शिंदे यांच्या मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने. घरावरचे कर्ज, वडीलधाऱ्यांची समजूत, सोबतीला कोण, हे सारे त्यांनी सांगितले आहे. १९०७ साली छापले गेलेले हे पुस्तक आपण बंडाची हकीकत म्हणून वाचतो. परंतु कमाई लुटली जाऊन गंगेची कावड घेऊन हा भिक्षुक घरी परततो तेव्हा आपल्याला जे वाटते, त्याचे मूळ त्या आरंभीच्या घरगुती हिशेबात आहे.

आता सहलीची छापील पत्रके पाहा. नमुन्याला एकच पुरे: पाच दिवस, चार रात्री, मुरुड-जंजिरा, हरिहरेश्वर, दापोली, गुहागर, गणपतीपुळे. समीक्षकाने असला कागद वाचावा काय? अवश्य वाचावा, कारण त्यातही एक भूगोल कल्पिलेला असतो, आणि तो कोकणचा नसून पठारावरचा असतो. आम्ही जालनेकर अंतर रस्त्याने मोजतो. परभणी असो की छत्रपती संभाजीनगर, रस्ता धरला की गाव येते. समृद्धी महामार्ग २०२२ साली इथून खुला झाल्यापासून तर हा विश्वास फारच बळावला आहे. पत्रकातली गावेही अशीच एका दोऱ्यात ओवलेली दिसतात.

प्रत्यक्षात तो दोरा चार ठिकाणी तुटतो. मुरुडहून गणपतीपुळ्यापर्यंत किनाऱ्याने जायचे तर आगरदांड्याहून दिघीला, बागमांडल्याहून वेश्वीला, दाभोळहून धोपाव्याला आणि तवसाळहून जयगडला, अशा चार खाड्या मोटारीसकट फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात. बोट चुकली तर दुसरीची वाट पाहायची, नाहीतर आत चिपळूणसारख्या ठिकाणापर्यंत जाऊन वळसा घ्यायचा. पत्रकात या खाड्यांचे नावही नसते.

हा केवळ वेळेचा प्रश्न नव्हे. कोकणातले जुने दळणवळण मुख्यतः खाडीच्या मुखापासून घाटमाथ्याकडे चाले. गलबत दाभोळच्या खाडीत शिरे, माल गोवळकोटला उतरे आणि बैलांच्या पाठीवरून कुंभार्ली घाटाने देशावर येई. उत्तरेकडून दक्षिणेकडे जायचे ते समुद्रातून, पुढच्या काळात आगबोटीने. म्हणजे आपले पत्रक मुलखाच्या उभ्या धाग्यांना आडवे छेदत जाते. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’मध्ये (१९८७) जगबुडी नदी ज्या तऱ्हेने पिढ्यान्‌पिढ्या वाहत राहते ती पाहिली म्हणजे हे अधिक ध्यानात येते. पेंडसे एका तालुक्यातून फारसे हलत नाहीत, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, कोकण म्हणजे काय हे त्यांच्याकडून कळते.

तेव्हा माझा आराखडा असा: पुणे, कराड, पाटण करीत कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. एक दिवस तिथे, गोवळकोट आणि परशुराम यांना. मग गुहागर, अंजनवेलचा गोपाळगड, आणि शेवटी एकच फेरीबोट, धोपाव्याहून दाभोळला. एक खाडी, तीन मुक्काम. दाभोळची विजापुरी थाटाची मशीद पाहताना मराठवाड्यातल्या माणसाला परके वाटू नये. बहामनी राज्याचे हे मोठे बंदर होते, आणि बीदर पाहिलेला निकितीन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात इथूनच परतीच्या जहाजावर चढला होता. आपल्या मुलखाची वाट या बंदराला पूर्वीच मिळालेली आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. ज्या जिल्ह्यात वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, ज्याने २०१२-१३च्या अवर्षणात मोसंबीच्या बागा वाळताना पाहिल्या, त्याला समुद्र कदाचित आयुष्यात एकदाच दिसणार. त्याने पाचऐवजी तीन गावे का पाहावीत? पाच गावांतली दोन मोटारीच्या काचेतून दिसतात, हे माझे उत्तर बरोबर आहे. पण ते मी घरातल्या म्हाताऱ्या आईला देऊ शकत नाही. तिला जंजिरा नको असतो, गोपाळगडही नको असतो. गणपतीपुळ्याचे दर्शन हवे असते, आणि पायावरून एकदा लाट जायला हवी असते. तिच्या इच्छेपुढे माझ्या खाडीच्या सिद्धांताची किंमत फारशी नाही. मग गुहागरहून तवसाळ, जयगड असे दक्षिणेला उतरावे लागेल. त्यात एक दिवस जाईल आणि दाभोळ गळेल. गळू द्यावे. फक्त पुढे कोणी या सहलीवर दिवाळी अंकासाठी लेख लिहिला, तर त्यात दाभोळ का राहिले, हे आईच्या नावासकट यावे.