आधी मजकूर, मग चौकट

मंडळी, आपण डिझायनरांनी एक सवय आता सोडायला हवी. ती म्हणजे ‘लोरेम इप्सम’. सिसेरोच्या इ.स.पू. ४५ मधल्या लॅटिन ग्रंथातली ही मोडकीतोडकी वाक्यं १९६० च्या दशकात लेट्रासेटच्या अक्षर-शीट्समधून पसरली आणि आजही आपण ती वेबसाइटच्या आराखड्यात भरतो. त्यांना अर्थ नाही, म्हणून ती कुठल्याही चौकटीत बसतात. खरा मजकूर तसा बसत नाही. मराठीचं तर विचारूच नका! वर वेलांटी, खाली उकार. ओळींमधलं अंतर लॅटिनच्या मापाने ठेवलं की अक्षरं एकमेकांना भिडतात.

पण मोठं नुकसान होतं ते अर्थाचं. शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या मुलीला शेवटच्या दिवशी ‘अवैध इनपुट’ एवढंच दिसलं, तर तिने करायचं काय? ‘मोबाइल नंबर १० अंकी हवा’ असं लिहिलं, की ती चूक सुधारून पुढे जाते. असली वाक्यं ‘कंटेंटवाले बघतील’ म्हणून आपण सोडून देतो, आणि नेमकं तिथेच डिझाइन फसतं.

तेव्हा चौकट आखण्याआधी मजकूर लिहू या आणि तो मोठ्याने वाचून बघू या. त्या मुलीशेजारी बसून जे सांगितलं असतं, तेच स्क्रीनवर लिहू या.