मॉरिशसविषयींचें अर्थशास्त्रीय संशोधन : एक परीक्षण

हिंदी महासागरांतील मॉरिशस हें राष्ट्र आकारानें अत्यंत लहान आहे. मुख्य बेटाचें क्षेत्रफळ सुमारें १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या जवळजवळ निम्में. आणि लोकसंख्या सुमारें साडेबारा लाख. असें असूनहि त्याच्या अर्थनीतीविषयीं गेल्या ६० वर्षांत पुष्कळ लेखन झालें असून त्यांत दोन परस्परविरुद्ध निवाडे प्रमुख आहेत. पहिल्या निवाड्याप्रमाणें हें बेट दारिद्र्यांत व कलहांत बुडण्याच्या वाटेवर होतें; दुसऱ्याप्रमाणें तेथें चमत्कार घडला. दोन्ही निवाडे थोर विद्वानांचे आहेत. तरी साधनांचा कालानुक्रम लावून पाहिला असतां दोहोंतहि एकच उणीव आढळते, असें आमचें मत झालें आहे. तें आम्ही येथें सप्रमाण मांडतों.

पहिल्या निवाड्याचें मूळ १९६१ सालीं लंडन येथें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालेल्या दोन अहवालांत आहे. एक जेम्स मीड ह्यांच्या मंडळाचा, बेटाच्या आर्थिक व सामाजिक घडणीविषयींचा; दुसरा रिचर्ड टिटमस व ब्रायन एबल-स्मिथ ह्यांचा, सामाजिक धोरण व लोकसंख्यावाढ ह्यांविषयींचा. ज्या परिस्थितींत हे अहवाल लिहिले गेले ती खरोखरच बिकट होती. दुसऱ्या महायुद्धानंतर डी. डी. टी. फवारून हिंवतापाचें निर्मूलन करण्यांत आलें, मृत्यूचें प्रमाण झपाट्यानें उतरलें, आणि १९५२ च्या शिरगणतींत सुमारें ५ लाख असलेली वस्ती १९६२ च्या शिरगणतींत ६ लाख ८० हजारांवर गेली. निर्यातींत साखर व तिचे उपपदार्थ ह्यांचा वाटा शेंकडा ९९ च्या आसपास होता. त्यांतच फेब्रुवारी १९६० मध्यें कॅरोल नांवाच्या तुफानानें हजारों घरें जमीनदोस्त केलीं व त्या वर्षींचें साखरेचें उत्पादन निम्म्याहून खालीं आणलें. अशा वेळीं शांततेनें प्रगति होण्याची आशा थोडी, असा अभिप्राय मीड ह्यांनीं दिला ह्यांत नवल नाहीं.

पुढें बेटाची भरभराट झाली, मीड ह्यांस १९७७ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, आणि मॉरिशसविषयींचा त्यांचा अभिप्राय मात्र फसलेल्या भाकिताचा नमुना म्हणून उद्धृत होऊं लागला. हा न्याय आम्हांस उतावळेपणाचा वाटतो. मीड ह्यांनीं केवळ भविष्य वर्तविलें नव्हतें. उपायहि सांगितले होते. पुष्कळ हातांना काम देणारे कारखाने काढावे, मजुरीचे दर आवरून धरावे व कुटुंबें मर्यादित व्हावींत, हे त्यांतील मुख्य होत. पुढें १९७० सालीं निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा झाला व कापड शिवण्याचे कारखाने उभे राहिले. १९६० च्या सुमारास एका स्त्रीमागें सरासरी सुमारें ६ अपत्यें असत. तें प्रमाण १९७२ पर्यंत साडेतीनच्या आसपास आलें. वैद्यानें सांगितलेलें पथ्य पाळून रोगी बरा झाला तर वैद्याचें निदान चुकलें असें कोणी म्हणत नाहीं. शिवाय कलहाची भीतीहि अगदींच निराधार नव्हती. मे १९६५ मध्यें व स्वातंत्र्याच्या तोंडावर जानेवारी १९६८ मध्यें दंगे होऊन ब्रिटिश सैन्य बोलवावें लागलें होतें.

मीड ह्यांच्या अहवालाचा खरा दोष निराळा आहे. त्यांत बेटावरील माणूस हा खाणारें तोंड व राबणारे हात ह्या दोनच रूपांनीं येतो. हें पथ्य पाळण्याचें सामर्थ्य त्या लोकांत कोठून आलें, ह्याचा शोध त्यांत नाहीं. आणि तो १९६० सालापासून आरंभ करून लागणाराहि नाहीं. नोव्हेंबर १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभींच्या दशकांपर्यंत सुमारें साडेचार लाख हिंदी मजूर करारानें मॉरिशसला नेण्यांत आले. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची रीत मळ्यांवर होती. १८७१ सालीं आदोल्फ द प्लेवित्झ ह्यांच्या साह्यानें करार संपलेल्या मजुरांनीं ९,४०१ सह्यांचा अर्ज सरकारकडे केला व त्यामुळें पुढील वर्षीं शाही चौकशी मंडळ आलें. १९३६ सालीं मजूर पक्ष स्थापन झाला. १९३७ सालीं मळ्यांवर उठाव झाले. आणि त्यानंतरच कामगार संघटनांस कायद्याची मान्यता मिळाली. १९५९ ची निवडणूक प्रौढ मताधिकारानें झाली. हा सर्व वृत्तान्त त्यांच्या वेळीं उपलब्ध होता. मीड ह्यांच्या गणितांत त्यास जागा मिळाली नाहीं.

आतां दुसऱ्या निवाड्याकडे वळूं. अरविंद सुब्रमणियन व देवेश रॉय ह्यांनीं २००१ सालीं लिहिलेल्या निबंधांत मॉरिशसच्या यशाचें कारण शोधतांना निरनिराळ्या मतांची छाननी केली आहे. केवळ खुल्या व्यापारानें हें यश आलें असें नसून परदेशी बाजारांत मिळालेल्या सवलती व देशांतील संस्थांचें बळ ह्यांचाहि त्यांत मोठा भाग आहे, असें त्यांनीं दाखविलें आहे. हें विवेचन सावधपणाचें असून आम्हांस मोलाचें वाटतें. १९७५ च्या लोमे कराराबरोबर मॉरिशसला दरसाल सुमारें ५ लाख टन साखर युरोपांत ठरीव भावानें विकण्याची हमी मिळाली; तो भाव बहुधा जागतिक बाजारभावाच्या बराच वर असे. ही हमी २००९ सालीं संपली. ज्यास चमत्कार म्हणतात त्याच्या मुळाशीं अशी दीर्घकाळची सवलत होती, हें विसरतां येणार नाहीं.

जोसेफ स्टिग्लिट्झ ह्यांच्या २०११ च्या लेखाचा सूर अधिक प्रशंसेचा आहे. विद्यापीठापर्यंत मोफत शिक्षण, विद्यार्थ्यांस मोफत प्रवास व हृदयाच्या शस्त्रक्रियेसह मोफत औषधोपचार लहान राष्ट्रास देतां येतात, मग धनाढ्य राष्ट्रांस कां नाहीं, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न रास्त आहे. परंतु भरभराटीचें फळ म्हणून लोककल्याण आलें असा जो समज चमत्काराच्या भाषेनें वाचकाच्या मनांत राहतो, तो कालानुक्रमास धरून नाहीं. वार्धक्यवेतन १९५० सालीं सुरू झालें. ज्या निवडणुकींत प्रथम सर्वांस मत मिळालें तिच्या आदल्या वर्षीं, म्हणजे १९५८ सालीं, त्यासाठीं होणारी मिळकतीची चौकशी रद्द झाली. १९६५ सालीं ती पुन्हा लावण्यांत आली व १९७६ च्या कायद्यानें पुन्हा काढण्यांत आली. कुटुंबनियोजनाची संस्था १९५७ सालीं निघाली. कॅथॉलिक पंथीयांसाठीं निराळी संस्था १९६३ सालीं निघाली. म्हणजे वृद्धांची तरतूद व जननप्रमाणाची घट ह्या दोन्ही गोष्टी कारखान्यांच्या भरभराटीपूर्वींच्या आहेत. बेट दरिद्री असतांनाच हा खर्च अंगावर घेण्यांत आला होता, आणि ह्याचें श्रेय उदार सल्लागारांपेक्षां मतदारांकडे अधिक जातें.

चमत्काराच्या वर्णनांत आणखी एक गोष्ट दबून जाते. निर्यात क्षेत्रांतील कामगारांत स्त्रियांचा भरणा फार मोठा होता, आणि प्रारंभीं त्यांचें किमान वेतन पुरुषांच्या वेतनाहून कमी ठेवलेलें होतें. जादा काम व कामावरून दूर करणें ह्यांविषयींचे नियमहि ह्या क्षेत्रापुरते सैल केलेले होते. मीड ह्यांनीं सुचविलेला मजुरीचा आवर प्रत्यक्षांत कोणावर पडला, ह्याचें उत्तर येथें मिळतें. बेटाच्या समृद्धीचा हिशेब करणाऱ्यानें ही रक्कमहि खर्चाच्या बाजूस मांडावयास हवी.

परंतु दोन्ही निवाड्यांतील सर्वांत मोठी उणीव भूमीविषयींची आहे. मीड ह्यांच्या विवेचनांत जमीन ही न बदलणारी राशि आहे. माणसें वाढतात, जमीन तेवढीच राहते. मॉरिशसचा इतिहास ह्याच्या उलट साक्ष देतो. १६३८ सालीं वलंदेज वस्तीस आले तेव्हां बेट अरण्यानें झांकलेलें होतें. त्याच शतकांत डोडो पक्षी नष्ट झाला. फ्रेंच अंमलांत १७६९ सालीं पिएर प्वाव्र ह्यांच्या कारकीर्दींत नियमावलि निघाली व दिलेल्या जमिनीचा चौथा हिस्सा अरण्य म्हणून राखावा असें बंधन घालण्यांत आलें. झाडें तोडल्यानें पाऊस हटतो ही त्यामागील समजूत होती. ह्या प्रकरणाचें महत्त्व रिचर्ड ग्रोव्ह ह्यांनीं १९९५ च्या आपल्या ग्रंथांत उत्तम प्रकारें दाखविलें आहे. पुढें इंग्रज अंमलांत १८२५ सालीं मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी करण्यांत आली, आणि उसानें अरण्याची जागा घेतली. चांगल्या स्थितींतील मूळचें अरण्य आज शेंकडा २ हूनहि कमी उरलें आहे. जी जमीन मीड ह्यांनीं स्थिर धरली, ती अशी सव्वाशें वर्षांच्या जकातीच्या धोरणानें घडविलेली होती.

साखरेचें महत्त्व उतरल्यावर बेटाचा भार बराचसा पर्यटनावर, म्हणजे किनारा व प्रवाळभित्ति ह्यांवर येऊन पडला. जुलै २०२० मध्यें वाकाशिओ नांवाचें मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्याजवळच्या प्रवाळभित्तीवर चढलें व ऑगस्टमध्यें सुमारें १,००० टन तेल समुद्रांत पसरलें. त्या वेळीं हजारों लोकांनीं उसाचें पाचट कापडांत भरून तरंगते बांध शिवले व तेल अडविण्याचा यत्न केला. ज्या समुद्रावर राष्ट्राची उपजीविका चालते त्याचें मूल्य कोणत्याहि जमाखर्चांत धरलेलें नव्हतें, हें त्या आठवड्यांत उघड झालें. चमत्काराविषयींच्या लेखनांतहि तें आढळत नाहीं.

ह्या वादास तात्कालिक महत्त्वहि आहे. मॉरिशसच्या सरकारनें २०२५ च्या अंदाजपत्रकांत वार्धक्यवेतनाची वयोमर्यादा ६० वरून ६५ वर टप्प्याटप्प्यानें नेण्याचें जाहीर केलें. वृद्धांची संख्या वाढत असल्यानें खर्च झेपत नाहीं हें कारण खोटें नव्हे. परंतु तें वेतन भरभराटीच्या काळची उधळपट्टी होती असें समजून त्याचा निर्णय करणें इतिहासास सोडून होईल. २००४ सालीं मिळकतीची अट पुन्हा लावण्यांत आली होती. २००५ च्या निवडणुकीनंतर ती काढावी लागली. ज्यांच्या आजोबांनीं अर्धपोटीं असतां ही तरतूद मिळविली, ते तिच्याकडे हक्क म्हणून पाहतात. आणि हें जाणल्याशिवाय दिलेला सल्ला कितीहि आंकडेशुद्ध असला तरी अपुरा ठरेल.

उसाच्या मळ्याची मजुरी, वृद्धाचें वेतन व अरण्याची तोड ह्यांच्या नोंदी एकत्र लावून लिहिलेला मॉरिशसचा आर्थिक इतिहास हवा आहे. त्याचीं साधनें दुर्मिळ नाहींत. मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत करारबद्ध मजुरांचीं दप्तरें जपून ठेविलेलीं असून त्यांत नांव, बापाचें नांव, जात, गांव व जहाज ह्यांची नोंद आहे. मुंबई बंदरांतून गेलेल्या मराठी माणसांच्या नोंदीहि त्यांतच आहेत. त्यांचे वंशज आज त्या बेटावर आपली भाषा व गणेशोत्सव राखून आहेत. ह्या मराठी नोंदी गांववार लावून, तीं माणसें कोणत्या मळ्यावर गेलीं व करार संपल्यावर त्यांनीं जमीन केव्हां घेतली हें पाहण्याचें काम आपल्याकडील अभ्यासकांस करण्यासारखें आहे.