निळू फुले : आवाज न चढवणारी सत्ता

निळू फुले हे नाव उच्चारताच मराठी प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो गावचा पाटील. तिरकी नजर, घोगरा संथ स्वर आणि ओठांवरचे ते हसू. नकलाकारांनी ही प्रतिमा इतकी झिजवली आहे की तिच्यामागचा नट दिसेनासा झाला. 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने त्यांना नाव मिळवून दिले आणि 'एक गाव बारा भानगडी' (१९६८) ने रुपेरी पडद्यावर आणले. तथापि या नटाचे खरे मोजमाप विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या तीन भूमिकांत होते, असे मला वाटते.

पहिला 'सखाराम बाइंडर' (१९७२). सखाराम जे करतो ते उघड बोलून करतो. शिव्याही देतो आणि आपल्या घरचे नियमही सांगतो. दुसरा 'सामना'तील हिंदुराव. डॉ. जब्बार पटेल यांचा हा चित्रपट १९७५ च्या बर्लिन महोत्सवात गेला होता. साखर कारखान्याच्या बळावर मुलूख ताब्यात ठेवणारा हिंदुराव सखारामाच्या अगदी उलट आहे. मारुती कांबळेचे काय झाले हे विचारणाऱ्या मास्तरांना तो हाकलून देत नाही. घरी ठेवतो, खाऊ-पिऊ घालतो. डॉ. श्रीराम लागू यांचा मास्तर जितका अस्वस्थ, तितका फुले यांचा हिंदुराव अघळपघळ. दहशत त्या पाहुणचारातच आहे, हे या नटाने अचूक हेरले होते.

हे मी पुस्तकी ज्ञानावर लिहीत नाही. आपल्या भागात पटेल-पटवारी ही पदे १९८४ मध्ये रद्द झाली. ती वाणी मात्र रद्द झाली नाही. नोकरीत असताना एका जमिनीच्या चौकशीसाठी एका गावी गेलो होतो. तेथील वजनदार गृहस्थ एवढेच म्हणाले, "साहेब, उन्हातून आलात, आधी चहा घ्या." चहा येईपर्यंत ओसरीवरचे दोन्ही साक्षीदार उठून गेले होते. कुणी कुणाला दटावले नव्हते. मी चहा प्यालो आणि जे समोर होते तेवढेच लिहून परतलो.

म्हणूनच तिसरी भूमिका मला अधिक बोचते. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या 'सिंहासन' (१९७९) मध्ये फुले पत्रकार दिगू टिपणीस झाले. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगार पुढारी या सर्वांचे डाव दिगूला ठाऊक असतात. पण त्याच्या ठाऊक असण्याने काहीच बदलत नाही. हिंदुरावाच्या डोळ्यांत जी नजर सावजावर रोखलेली होती, तीच येथे थकून साक्षीदाराची होते. चेहरा तोच, स्वर तोच, आणि माणूस सर्वस्वी निराळा. अखेरीस त्याला न आवरणारे ते भ्रमिष्ट हसू मी पुन्हा पाहू शकत नाही.

मराठी चित्रपटसृष्टीने यानंतरही त्यांच्याकडे मुख्यतः पाटीलच मागितला, आणि त्यांनीही तो फार वेळा दिला, हा दोष नोंदवलाच पाहिजे. हिंदीत 'सारांश' (१९८४) मधील गजानन चित्रे हाही त्याच घराण्यातला दांडगा पुढारी. तरुणपणी पुण्यात माळीकाम केलेला, राष्ट्र सेवा दलात घडलेला आणि अंधश्रद्धेविरुद्ध उभा राहिलेला हा माणूस सत्तेचे सोंग इतके हुबेहूब कसे वठवी, याचे अनेकांना नवल वाटे. मला वाटत नाही. सत्ता खालून पाहणाऱ्यालाच ती पूर्ण दिसते.

१३ जुलै २००९ रोजी ते गेले. लोक त्यांना हिंदुरावासाठी आठवतात. ओसरीवर बसून चहा प्यालेल्या आमच्यासारख्यांनी मात्र त्यांना दिगूसाठी आठवावे.